लोलोचं अठ्ठाविसावं मरण

एलिओदोरो शोलाल्पा आजवर सत्तावीस वेळा मेला होता. दर वर्षी तीन मे, दुपारी एकच्या सुमारास, चर्चच्या पटांगणात. मी जत्रा समितीचा चिटणीस असल्यामुळे या प्रत्येक मरणाची नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे. बहुतेक वर्षी एकच ओळ सापडते: "बळी वेळेवर गेला, नंतर जेवण झालं." एका वर्षी "बळी पंचवीस मिनिटं उशिरा गेला, चप्पल तुटल्यामुळे" असंही आहे.

गाव त्याला लोलो म्हणतं. आमचं गाव म्हणजे सांता क्रूस अतेनपा. ते राजधानीत मोडतं असं राजधानीचं म्हणणं आहे. आम्ही त्यावर वाद घालत नाही. आमच्याकडे रस्त्यांपेक्षा कालवे जास्त, आणि कालव्यांच्या मधोमध पाण्यात रचलेली शेतं, चिनांपा. लोलोचे असे चार चिनांपा आहेत. तो त्यांत मुळे, कोथिंबीर आणि राजगिरा लावतो, पहाटे होडीत भरतो आणि बाजारात नेतो. त्याच्या आजोबांनी हेच केलं, त्यांच्या आजोबांनी हेच केलं, आणि त्याही आधी, गोरे लोक घोड्यांवर बसून यायच्या आधी, कोणीतरी हेच करत होतं. एवढं सातत्य ज्या घराण्यात असतं त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही.

तीन मेचं मात्र वेगळं. त्या दिवशी आम्ही अ‍ॅझ्टेकांचा जुना सण नाटकरूपाने करतो. जुन्या काळी म्हणे एक देखणा, निर्व्यंग तरुण निवडत. वर्षभर त्याला देव मानत, फुलं वाहत, बासरी शिकवत, चार बायका करून देत. आणि वर्ष संपलं की तो मंदिराच्या पायऱ्या चढायचा, प्रत्येक पायरीवर एक बासरी फोडायचा, आणि वर पुजारी त्याचं हृदय काढायचे. गावाने यात सोयीनुसार काटछाट केली. वर्षाचे वीस दिवस झाले. पायऱ्या अकरा, कारण सुताराकडे तेवढ्याच फळ्या होत्या. चार बायकांचा भाग लोलोची बायको ब्रिखिदा, गावाच्या तोंडी दोन्या म्हणजे बाईसाहेब, हिने पहिल्याच वर्षी कापला.

देखणेपणाचीही अट होती. सत्तावीस वर्षांपूर्वी निवडलेला देखणा मुलगा आदल्या आठवड्यात शिकागोला निघून गेला आणि त्याचा पोशाख लोलोला आला म्हणून लोलो. आता तो एकोणसाठ वर्षांचा आहे. पोशाख दोनदा उसवून वाढवलाय. तिसऱ्यांदा वाढवायला त्यात कापड उरलेलं नाही.

पण ते वीस दिवस! रोज दोन घरी जेवण, एक दुपारी, एक संध्याकाळी. ज्या घरी जाईल तिथे त्याला पहिलं ताट. गल्लीतून तो बासरी वाजवत फिरतो. त्याला एकच चाल येते, आणि ती दुर्दैवाने गॅसवाल्याच्या हाळीसारखी आहे, त्यामुळे देव गल्लीत शिरला की निम्मं गाव रिकामे सिलिंडर घेऊन दारात येतं. बासऱ्या तो स्वतः करतो, कालव्यातल्या काळ्या मातीच्या, ब्रिखिदाच्या चुलीत भाजून. आणि तीन मेला वर पोहोचला की पुजारी म्हणजे आमचा खाटीक फोर्तुनातो. तो लोलोच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात. फोर्तुनातो कोंपाद्रेच्या छातीवर चंदेरी कागद लावलेली लाकडी सुरी टेकवतो आणि हातचलाखीने डुकराचं ताजं हृदय उंच धरतो. एका वर्षी हृदय दुकानात विसरलं, तेव्हा बीट धरलं. पहिल्या रांगेच्या मागे कोणाला कळलं नाही.

एक नियम मात्र कडक. अकरावी बासरी फुटल्याशिवाय गावजेवणाच्या हंड्यांवरची झाकणं उघडायची नाहीत. हा नियम कोणी केला ते माहीत नाही. तो मोडायचं अजून कोणाच्या मनात आलेलं नाही.

यंदा फेब्रुवारीत समितीची बैठक भरली तेव्हा ओतिलियाबाई कागदांचं भेंडोळं घेऊन आल्या. बाई माध्यमिक शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवतात. त्यांनी मुलांना सांगितलं होतं, आपल्या पूर्वजांचं चित्र काढा. एकतीस मुलं, एकतीस चित्रं. बाईंनी ती टेबलावर पसरली. प्रत्येक कागदावर सुरी, हृदय आणि भरपूर लाल रंग.

"लाल खडूच संपला वर्गातला," बाई म्हणाल्या. "या लोकांनी तळ्यात शहर उभं केलं. गोड्या पाण्याचा नळ आणला, खारं पाणी अडवायला मैलोन्‌मैल बांध घातला. गरिबाच्या पोरालाही शाळा होती. पाण्यावर शेती केली, जी आपण आजही करतो. आणि आपल्या पोरांना काय आठवतं? लोलो!"

लोलो मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. नाव ऐकून तो जरासा उठला आणि परत बसला.

"पण बाई, ते लोक बळी तर द्यायचेच ना?" फोर्तुनातोने विचारलं.

"कोणी सांगितलं? ज्यांनी ते शहर जाळलं त्यांनी. दरोडेखोराने घरमालकाबद्दल दिलेली साक्ष आहे ती. म्हणे एका मंदिराच्या उद्घाटनाला चार दिवसांत ऐंशी हजार माणसं मारली."

फोर्तुनातोने डोळे मिटून हिशेब केला. खाटीक हिशेब करतो तेव्हा आमची समिती गप्प बसते.

"चार दिवसांत ऐंशी हजार म्हणजे दिवसाला वीस हजार," तो म्हणाला. "रात्री झोपले नाहीत असं धरलं तरी चार सेकंदाला एक. मला एका डुकराला दोन मदतनीस घेऊन पाऊण तास लागतो. आणि डुकराला पायऱ्या चढायच्या नसतात. खोटं आहे हे."

"बघा!" बाई म्हणाल्या.

"ऐंशी हजार खोटं. पण पुजारी रिकामे बसले असतील असंही नाही. राजधानीत कॅथीड्रलच्या मागे कवट्यांचा आख्खा मनोरा निघालाय. शेकड्याने. बायकांच्या, पोरांच्यासुद्धा. माझा मेहुणा तिथे माती उपसायला होता, तो महिनाभर माझ्या दुकानात पाय ठेवत नव्हता."

"मी कुठे म्हणते एकही नव्हता?" बाईंचा आवाज खाली आला. त्या प्रामाणिक आहेत, आणि वादात हीच त्यांची अडचण होते. "असतील. त्याच काळात तिकडे युरोपात माणसं जिवंत जाळत होतेच की. पण त्यांच्या जत्रेत ते नाटक करत नाहीत! मला एवढंच हवंय की एक वर्ष, फक्त एक वर्ष, आपण दुसरं काहीतरी दाखवू. चिनांपा कसा बांधायचे ते दाखवू. आणि नायक सेन्योर शोलाल्पाच असतील."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"मी चिनांपावाला होऊ?" लोलोने विचारलं.

"हो."

"बाई, मी चिनांपावालाच आहे."

"म्हणूनच तर!"

"वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तेच करतो हो मी. एक दिवस तरी मरू द्या."

हशा पिकला. लोलो हसला नाही. दोन्या ब्रिखिदा समितीत नाही, पण कॉफी देण्याच्या निमित्ताने ती प्रत्येक बैठकीला असते. किटली आपटून ती म्हणाली, "आणि माझ्या चुलीला वर्षातून वीस दिवस सुट्टी मिळते, त्याचं काय? इतिहास-बितिहास राहू दे बाजूला. याला खायला कोण घालणार?"

मतदान झालं. हात वर करणाऱ्यांपैकी निम्म्यांना बाईंनी शाळेत शिकवलेलं होतं. हात वर करायची सवय तिथलीच. चिनांपाला चौदा मतं, मरणाला सहा. बळीने मत द्यावं की नाही यावर थोडी चर्चा झाली, तोवर लोलो निघून गेला होता. चौदांत एक हात माझाही होता. बाईंचं म्हणणं मला पटलं होतं, अजूनही पटतं.

एप्रिलच्या मध्यावर ते वीस दिवस सुरू व्हायचे तसे झाले. पहिल्या दिवशी लोलो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हातात बासरी घेऊन, दारात खुर्ची टाकून बसला. सवयीने. दुपार झाली. गल्लीतून लोक जात-येत होते, "काय लोलो" म्हणत होते आणि पुढे जात होते. अडीच वाजता ब्रिखिदाने आतून हाक मारली, "या देवा, घेवडा गरम केलाय."

दोन दिवसांनी तो माझ्या औषधाच्या दुकानात आला. दर वर्षी या वीस दिवसांत मी त्याचा रक्तदाब मोजतो, कारण रोज दोन घरचं मोले, म्हणजे मिरच्यांचं दाट कालवण, आणि डुकराचं मटण अंगावर येतं. मी पट्टा बांधला, हवा भरली.

"एकशे अठरा, शहात्तर," मी म्हणालो. "लोलो, वीस वर्षांत एप्रिल महिन्यात तुझा एवढा चांगला रक्तदाब मी पाहिलेला नाही."

"या वर्षी मरायचं नाही ना, म्हणून."

"मग बरंच की."

"बरं कसलं, दोक्तोर?" मी डॉक्टर नाही, पण गाव म्हणतं. त्याने पट्टा सोडला नाही, तसाच दंडाला राहू दिला. "मी मुळे विकतो. लोक मुळे बघतात. मुळे छान आहेत म्हणतात. मुळ्यांच्या मागे कोण उभंय ते बघायचं कारणच नाही कोणाला. आणि या वीस दिवसांत चाळीस घरी जेवतो मी. ते ओल्वेरा बंधू, पाटाच्या पाण्यावरून नऊ वर्षं बोलत नाहीत एकमेकांशी. मी दुपारी थोरल्याकडे असतो, संध्याकाळी धाकट्याकडे. थोरला विचारतो, त्याचा गुडघा कसाय? धाकटा विचारतो, वहिनी अजून तिखट करते का? यंदा कोण सांगणार त्यांना?"

मी म्हणालो, फोन आहेत की.

"नऊ वर्षं आहेत फोन," तो म्हणाला.

मग मी विचारलं, कारण समितीत ते कोणी विचारलं नव्हतं, "तुला काय वाटतं? खरंच द्यायचे बळी?"

"बाई शिकलेल्या आहेत. फोर्तुनातोला धंद्यातलं कळतं. मला काय कळणार?" त्याने दंडावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. "पण सत्तावीस वेळा वर गेलोय मी. सुरी लाकडाची आहे हे मला माहीत असतं. माझ्यासमोर सुतार तासतो ती. वर कोंपाद्रे असतो, त्याच्या तोंडाला बिअरचा वास असतो. तरी दहाव्या पायरीला माझे पाय लटपटतात, दर वर्षी. तेव्हा वाटतं, कोणीतरी खरंच चढलं असणार इथून. आणि खाली बघतो तर सगळं गाव माझ्याकडे बघत असतं. आणि एक क्षण, जेवायच्या आधी हां, एकच क्षण, सगळ्यांना वाईट वाटतं. माझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी. पाचशे वर्षं झाली असतील त्या पोराला, नावसुद्धा माहीत नाही. त्याचं वाईट वर्षातून एकदाच वाटतं लोकांना, तेही माझ्यामुळे. ते बंद करायचं म्हणतात."

मग पट्टा सोडून, सदरा नीट करून तो गेला. त्या दिवशी मी दुकान जरा लवकर बंद केलं.

तीन मे उजाडला. पायऱ्यांच्या जागी पटांगणात ताडपत्री अंथरून, कडेला विटा लावून उथळ हौद केला होता. बाईंनी भाषण लिहिलं होतं, दोन पानी, सुरेख. पुठ्ठ्याचे खुंट आणि शेवाळ म्हणून हिरवा कागदही आणला होता. लोलोने तो कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि बाईंना परत दिला.

"मी माझं सामान आणलंय," तो म्हणाला.

पटांगणाला लागूनच्या धक्क्यावर त्याच्या सात होड्या लागल्या होत्या. काळा चिखल, पाणवनस्पती, लव्हाळे, ओल्या वाळुंजाचे खुंट आणि एका होडीत पहाटेच्या बाजारातून उरलेले चार मुळे.

अकरा वाजता सुरुवात झाली. बाईंनी माइकवर वाचायला घेतलं: पूर्वजांनी तळ्याला शेत कसं केलं, वर्षातून अनेक पिकं कशी घेतली, लाखो लोकांचं शहर कसं पोसलं. सहा मिनिटांत दोन्ही पानं संपली. तोवर लोलोने पहिला खुंट उभा केला होता आणि तो सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघत होता.

बाईंनी दोन्ही पानं पुन्हा वाचली. लोलोने दुसरा खुंट ठोकला.

बँडला तीन गाणी येतात. तिन्ही वाजवून झाली, मग पुन्हा तिन्ही. ऊन चढलं. लोलो लव्हाळे विणत होता, जसे ते विणायचे असतात तसे. भरभर काम करणं त्याला येत नाही असं नाही. चुकीचं करणं येत नाही.

बारा वाजता म्हाताऱ्यांमध्ये चुळबुळ सुरू झाली. आमच्या गावात साठीच्या वरचा प्रत्येक माणूस चिनांपातला तज्ज्ञ आहे आणि त्यांतल्या कोणत्याही दोघांचं पटत नाही.

"अरे, तो खुंट तिरका आहे!"

"तिरकाच हवा. प्रवाह कुठून येतो बघ की."

"ताडपत्रीत कसला आलाय प्रवाह!"

"आणि हे काय, एका बाजूला अकराच खुंट?" थोरला ओल्वेरा ओरडला. "चाळीस लागतात! तुझ्या बापाने शिकवलं नाही का रे?"

"चाळीस नाही, तीस," गर्दीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. तो धाकटा ओल्वेरा होता. नऊ वर्षांत त्याने भावाला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. थोरल्याने विजार गुडघ्यावर घेतली आणि चिखलात उतरला. त्याला चूक दाखवण्यासाठी धाकटाही उतरला. मग कोण थांबतो? साडेबारापर्यंत हौदात सतरा म्हातारे आणि शाळेची सगळी पोरं होती. खुंट कोणता धरायचा यावर ओढाओढ चालली होती. सगळे वाढवायला आले होते, पण लोलोने अकरावर बारावा ठोकू दिला नाही.

बाई सुरुवातीला खूश होत्या. त्यांना हवं होतं ते याहून चांगलं कुठे होणार? पण एक वाजला. मग दीड. पटांगणाच्या कडेला मोलेचे नऊ हंडे आणि मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेंची पातेली शेगड्यांवर होती, आणि त्यांच्या शेजारी गावच्या बायका हाताची घडी घालून उभ्या होत्या. पहिल्या लहान मुलाने भोकाड पसरलं.

"झाकण काढा ना गं," कोणीतरी म्हणालं.

"बासरी कुठे फुटलीय?" दोन्या ब्रिखिदा म्हणाली. तिने सगळ्यात मोठ्या हंड्याच्या झाकणावर हात ठेवला होता. भरपूर वजन देऊन.

तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं. फेब्रुवारीत आम्ही बळी रद्द केला, पायऱ्या रद्द केल्या, पण झाकणांबद्दल काहीच ठरवलं नव्हतं. माझ्या इतिवृत्तात त्याचा उल्लेख नाही. चूक माझी.

बाई माइक हातात घेऊन हौदाच्या काठाशी गेल्या. "सेन्योर शोलाल्पा, अजून किती वेळ?"

लोलोने कपाळावरचा घाम पुसला, त्यामुळे कपाळावर चिखल आला. "हा थर बसला की पाणी निथळू द्यायचं, बाई. मग दुसरा थर. मग तिसरा."

"म्हणजे किती?"

"सगळ्यांनी हात लावला तर जूनच्या मध्यापर्यंत होईल."

बाईंनी हंड्यांकडे पाहिलं. मग रडणाऱ्या मुलाकडे. सकाळी घाईत त्यांनीही काही खाल्लं नव्हतं, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. त्या खाली वाकल्या आणि अगदी हळू, फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. पण माइक चालू होता. म्हणून बावीस वर्षं इतिहास शिकवलेल्या ओतिलियाबाईंचं ते वाक्य चर्चच्या घंटेपर्यंत ऐकू गेलं.

"सेन्योर शोलाल्पा, आता मरा ना हो, प्लीज."

मग सगळे एकदम हसले, बाईसुद्धा, हात तोंडावर घेऊन. लोलो हसला नाही. तो होडीपाशी गेला, लव्हाळ्यांच्या खालून कापडी पिशवी काढली आणि परत आला. पिशवीत बासऱ्या होत्या. मी मोजल्या नाहीत. गरज नव्हती.

मऊ चिखलावर मातीची बासरी फुटत नाही. पण वाळुंजाच्या खुंटाच्या डोक्यावर फुटते. पहिल्या खुंटावर पहिली फुटली आणि हसू थांबलं. म्हातारे बाजूला सरले. लोलो पोटऱ्यांपर्यंत चिखलात, एकेक पाय उपसत, खुंटापासून खुंटाकडे चालत गेला. इतक्या सावकाश त्याला पायऱ्या कधी चढता आल्या नव्हत्या. दहाव्या खुंटापाशी तो थांबला. त्याचे पाय लटपटत होते की चिखलात रुतले होते, सांगता येत नाही. थोरल्या ओल्वेराने टोपी काढली. मी बाईंकडे पाहिलं. त्या माइक खाली ठेवून, इतरांसारख्याच, त्याच्याकडे बघत होत्या.

अकरावी फुटली.

फोर्तुनातो तयार नव्हता. डुकराचं हृदय सकाळीच कढईत गेलं होतं. होडीतला एक लाल मुळा उचलून तो एप्रन लावूनच चिखलात उतरला आणि त्याने मुळा कोंपाद्रेच्या छातीवरून उंच धरला. पानांसकट. यंदा तो मागच्या रांगेलाही दिसला आणि तरी कोणी काही बोललं नाही. ब्रिखिदाने झाकण काढलं.

"चिनांपा अपूर्ण राहिला. बळी दुपारी एक वाजून बावन्न मिनिटांनी गेला. नंतर जेवण झालं," असं मी लिहिलं. पुढच्या बैठकीत ठरलं की यापुढे दोन्ही होईल: आधी चिनांपा, चाळीस मिनिटं, तेवढाच. मग बासऱ्या. आणि आधीचे वीस दिवस पूर्वीसारखे. ठराव ओतिलियाबाईंनी मांडला. एकच अट घातली: त्या वीस दिवसांत एक दुपार लोलोने शाळेत जेवायचं आणि पोरांना खुंट ठोकायला शिकवायचं. खुंट किती, यावर ओल्वेरा बंधूंचं अजून ठरायचंय. पण ते एकाच बाकावर बसून भांडतात.

जूनमध्ये बाईंनी पुन्हा पूर्वजांचं चित्र काढायला लावलं. या वेळी खडू तपकिरी संपला. एकतीस कागदांवर कमरेपर्यंत चिखलात उभा असलेला एक जाडा माणूस, हातात बासरी. काहींनी हृदयही काढलं होतं, पण ते वाफ्यात लावलेलं होतं आणि त्याला पानं होती. बाईंनी चित्रं वर्गाच्या भिंतीवर लावली आणि लोलोला बघायला बोलावलं.

तो टोपी हातात घेऊन एकेका चित्रापुढे उभा राहिला. एकतीसही बघितली. मग बाईंकडे वळला.

"बाई, पूर्वज एवढे जाड नव्हते," तो म्हणाला. "पोरांना खरं तेच शिकवा."